वसमतचा अर्धा कप

परत आल्यापासून जो तो विचारतो, वसमतला पाहण्यासारखं काय आहे? मी सांगते, हळद आहे. उन्हाळा लागता लागता गावाबाहेरच्या प्रत्येक मोकळ्या जागेवर ती वाळत पडलेली असते, आणि एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यालाही तिचा वास असतो. एवढं सांगून मी विषय बदलते. बाकीचं इथं लिहिते, कारण तोंडानं सांगायला लागले की मी स्वतःची बाजू सावरून घेईन. धंदाच तसा आहे माझा.

मी मसाले करते. खांद्याला पिशवी लावून सोसायट्यांचे जिने चढत पहिला मसाला विकला, तेव्हा कुणी बसा म्हणायचं नाही. आज चिंचवडला माझं स्वतःचं कांडप आहे. मिरची असो, धने असोत, हळद असो, माल मी स्वतः पारखते आणि भाव मी स्वतः पाडते. त्याचे माझे दोन नियम आहेत. आवडलेल्या मालाला आधी नावं ठेवायची. आणि पेढीवर चहा आला तर तो अर्धाच प्यायचा. कप रिकामा केला की समोरच्याला वाटतं, बाई निवांत बसली, आता घेतल्याशिवाय उठत नाही. अर्धा ठेवला की तो कपाकडं बघत राहतो आणि भाव आपोआप खाली येतो. या दोन गोष्टींवर मी माझं घर उभं केलंय.

आता कॉफीचं. माझ्या मुलीनं, गौरीनं, गेल्या वर्षी वाढदिवसाला मला कॉफीच्या एका वर्गाला नेलं. शिकवणारा पोरगा गौरीच्याच वयाचा. त्यानं समोर कप मांडले आणि विचारलं, यात ब्लूबेरी लागते का? ब्लूबेरी मी जन्मात खाल्लेली नव्हती. मी म्हटलं, आंबट आहे, नासल्यासारखी. सगळे हसले. पोरगा म्हणाला, "काकू, तुमची जीभ मसाल्यानं मेलीय. वेळ लागेल."

जिच्या जिभेवर पंचवीस बायकांचा पगार निघतो तिला तो हे म्हणाला, आणि तेही लेकीसमोर.  मी घरी येऊन त्यानं दाखवलेलं सगळं सामान मागवलं. हाताचं ग्राइंडर, कागदी गाळणीचं शंकूसारखं भांडं, बारीक वजनकाटा, थर्मामीटर आणि त्यानं ज्यांची तारीफ केली त्याच हलक्या भाजणीच्या बिया. रोज सकाळी त्याच्या मापानं करून मी ती कॉफी प्यायला लागले. कधीतरी त्याच्यासमोर बसून त्याच्याच कपातली खोट काढायची, एवढाच त्यातला हेतू.

यंदा दलालानं हळदीत गडबड केली म्हणून मी थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं ठरवलं. ओळखीतून वसमतचा एक नंबर मिळाला. मिलिंद शेती बघतात, त्यांची बायको संघमित्रा पंचायत समितीत नोकरी करते. फोनवर संघमित्रा बोलत होती आणि मी सवयीनं एका हातानं ग्राइंडर फिरवत होते. ती मधेच थांबली.

"ताई, तुमी कॉफी दळून राहिल्या का?"

तिनं आवाजावरून ओळखलं. तिच्याकडंही तसंच ग्राइंडर होतं. बंगळूरला प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा तिला हा नाद लागला, बिया कर्नाटकातून टपालानं येतात. "इथं कुणी पित न्हाई वो ताई. घरात काढा म्हणतेत. तुमी लॉजवर उतरू नका, घरीच या. एक कॉफी समजणारं माणूस येईल तर घरी."

मी गेले. सामानाची पिशवी घेऊन गेले.

वसमत

रेल्वेनं परभणी, तिथून एसटी. परभणीच्या स्टँडवर मिरची भजी खाल्ली आणि ती मला बाधली. मसाले करणाऱ्या बाईला मिरची बाधली हे मी कुणालाही सांगितलं नसतं. वसमतला उतरल्यावर रिक्षावाल्याशी भांडले, त्यानं सांगितलेल्या भाड्यात निम्म्यानं घट केली आणि विजयी होऊन त्यांच्या दारात उतरले तेव्हा पोटात मुरडा होता.

घर स्लॅबचं, नीट रंगवलेलं. बैठकीत काचेच्या कपाटात बुद्धाची पांढरी मूर्ती, खाली ताजी फुलं. मिलिंदची आई बाजेवर शेंगा फोडत बसली होती. घरात सगळे तिला माय म्हणतात, मी मावशी म्हणाले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मी म्हटलं, "नको, आहे माझ्याकडं," आणि पिशवीतली बाटली काढून दोन घोट घेतले. पोटासाठी. हे कारण मी सांगितलं नाही.

संघमित्रा चाळिशीची, बोलताना मान किंचित कलती ठेवणारी. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिनं डबा काढला. बिया तिच्या गडद होत्या, माझ्या बियांहून बऱ्याच. दळल्या. पाणी उकळून क्षणभर निवू दिलं. मग तिनं तारेच्या कड्याला शिवलेलं पांढरं मऊ फडकं काढलं. स्वतः शिवलेलं. ते गरम पाण्यात बुडवून पिळलं, पूड घातली आणि एका लहान पितळी झारीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार सोडली. पूड फुगली, वर आली, खाली बसली. ती काही मोजत नव्हती. धार थांबवायची, वास घ्यायची, पुन्हा सोडायची.

"झाला का काढा?" मायनं विचारलं.

"झाला माय. आज काढा म्हनू नका, पाहुण्या आल्यात."

कपाटातून नवा कप निघाला, बशीसकट. तो पुसून तिनं माझ्या हातात दिला आणि समोर बसली. स्वतःचा कप तिनं ओठाला लावला नाही. माझ्याकडं बघत राहिली.

पहिल्या घोटाला मला काकवी आठवली. गुऱ्हाळावर गरम, पातळ काकवी द्रोणात घेतल्यावर टाळूला जो गोडसर, जरा जळका चटका बसतो, तो. दुसऱ्या घोटाला भाजलेल्या शेंगदाण्याचं लाल साल. आपल्याला काय लागतंय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं.

आणि मी तोंड उघडलं.

"पाणी जास्त तापलं होतं."

"बरं," ती म्हणाली.

"दळण बारीक झालंय. भाजणी गडद आहे, त्यात बियांची मूळ चव मरते."

"बरं."

"आणि याला फडक्याचा वास येतो. कागद वापरत जा. कापड किती धुतलं तरी स्वच्छ होत नाही."

या वेळी ती बरं म्हणाली नाही. मायचा शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता. वास येत नव्हता. खरं सांगते, कसलाही वास येत नव्हता. चांगला माल समोर आला की माझ्या तोंडातून खोट निघते, तशी ती निघाली. मग मी कप खाली ठेवला. अर्धा.

रात्री त्यांनी वांग्याची भाजी, ज्वारीच्या गरम भाकरी आणि ठेचा केला होता. वासानं जीव कासावीस झाला, पण पोट तयार नव्हतं. मी म्हटलं, "रात्री मी काही घेत नाही," आणि माझ्या पिशवीतली दोन केळी खाल्ली. मिलिंदनी एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा मायनं त्यांना डोळ्यानंच थांबवलं. मला ते दिसलं आणि बरं वाटलं. मला वाटलं, म्हातारी समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पोट ठीक झालं होतं. चहा आला, आल्याचा, खूप गोड, काचेच्या ग्लासात. झारी आणि तारेचं कडं कपाटाच्या वर, पत्र्याच्या पेटीमागं सरकवलेलं दिसत होतं. काल ते ओट्यावर होतं.

माझं डोकं तापलं. कॉफीसाठी घरी बोलावलं आणि आता चहा? मी सरळ विचारलं, आणि माझा आवाज पेढीवर असतो तसा होता. "आज कॉफी नाही का?"

संघमित्रा आत होती. उत्तर मायनं दिलं.

"काल ठिवली ना बाई तुमी अर्धी. वाया कशाला करावी."

"ती माझी सवय आहे मावशी."

"व्हय," माय म्हणाली. शेंगांचं सूप झटकत ती उठली. "लई जणांला असती ती सवय."

मी चहा पीत राहिले. तिला म्हणायचं काय होतं ते मला त्या वेळी खरंच कळलं नाही. घराबाहेर पडून त्यांच्या शेताकडं जाणाऱ्या जवळा बाजारच्या एसटीत बसले, गाडी सुरू झाली, आणि कळलं.

माझ्या आईच्या घरी परसदारच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. तो कुणासाठी आहे हे आम्हा मुलांना कधी कुणी समजावून सांगितलं नाही, आम्हाला माहीतच होतं. आणि आता मी बुद्धाची मूर्ती असलेल्या घरात जाऊन, त्यांचं पाणी नको म्हणून स्वतःची बाटली काढली होती. त्यांची भाकरी नको म्हणून स्वतःची केळी खाल्ली होती. नव्या कपातली कॉफी उष्टावून ठेवली होती आणि तुमचं कापड स्वच्छ नाही असं तोंडावर सांगितलं होतं. या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं कारण होतं. ओळीनं मांडल्यावर त्या घरातल्या म्हातारीला एकच कारण दिसणार होतं, आणि तिनं आयुष्यात ते पुष्कळदा पाहिलेलं होतं.

गाडीत संघमित्रा माझ्या शेजारी बसली होती. तिनं आज रजा टाकली होती. ती मला बाहेरचं दाखवत होती. हळद शिजवायचे कुकर, त्यातून निघणारी वाफ, जमिनीवर अंथरलेल्या पिवळ्या पट्ट्या. मी हं हं करत होते. 

जवळा बाजार

आठवडी बाजाराचा दिवस होता. मिलिंद पुढं शेतावर गेले होते, आम्हाला तिकडं जायच्या आधी तासभर होता. आमच्याकडं असे बाजार आता फ्लेक्स लावून महोत्सव म्हणून भरवतात. इथं तो नुसताच भरतो. मिरच्यांचे ढीग, दोरखंड, वाळलेली बोरं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. एका बाईकडं बिडाचे तवे होते. त्यातला एक हातात घेतला आणि मला तो हवासा झाला. जाड बूड, वजन एकसारखं, कडेला खपली नाही.

"हा काय असा वाकडा," मी म्हटलं.

"वाकडा कुठंय मावशे?" बाई म्हणाली.

"बूड बघा. भाकरी एका अंगाला करपेल. आणि गंजलाय."

"तेल लावल्यावर जातंय ते. घ्यायचा का नावंच ठिवायचीत?"

मी तवा खाली ठेवला, चार पावलं पुढं गेले. तिनं हाक मारली. मी वळले. पुन्हा नावं ठेवली. तवा माझ्या भावानं माझ्या पिशवीत आला. हे सगळं मला इतकं पाठ आहे की मधे काही वेळ मी सकाळची गोष्ट विसरूनही गेले.

संघमित्रा बाजूला उभी राहून बघत होती. पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "ताई, तवा खरंच वाकडा हाये का?"

"छे. फार सुरेख आहे. असा पुण्यात मिळत नाही."

"मग नावं काहून ठेवत व्हत्या?"

"आवडला म्हटलं की भाव चढतो."

ती चालता चालता थांबली. तिची मान कलली. तिच्या मनात काय जुळलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि मला बोरांच्या त्या ढिगाआड लपता आलं असतं तर मी लपले असते.

"कालची कॉफी?" ती म्हणाली.

मग मी सांगितलं. रस्त्याच्या कडेला, सायकलींच्या घंट्या वाजत असताना. अर्ध्या चहाचा नियम सांगितला. भजी बाधल्याचं सांगितलं, ते सांगताना सगळ्यात जास्त जड गेलं. फडक्याला वास येत नव्हता हे सांगितलं. ती ऐकत होती, पण मान डोलवत नव्हती.

"मायचं तुमी मनावर घेऊ नका म्हनले असते," ती म्हणाली, "पण तिनं ते खूप पाहिलंय. तिच्या जागी मी असते तर मीबी तेच धरलं असतं."

"मी त्यांना सांगते."

"काय सांगाल? सवय हाये म्हणून? ते तर सांगितलंत सकाळी."

मी तव्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. 

"माझं म्हणाल तर," ती पुढं म्हणाली, "मला कॉफीचंच लागलं जिवाला. घरात सगळे हसतेत, त्याचं काही न्हाई. हसू द्या. ते पीत न्हाईत, त्यांना काय कळायचंय. तुमी पिता म्हणून तुमचं खरं धरलं. रात्री मला वाटलं, इतके दिवस आपल्याला जे आवडून राहिलंय ते चुकीचंच हाये का काय. सामान वर टाकून दिलं."

"संघमित्रा, मला ती कॉफी फार आवडली. काकवीसारखी लागली."

तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा बंद झाला. "आता हळद बघायला चाललो ना ताई आपण. सौदा व्हायचाय. ते होऊ द्या. मग सांगा."

ते म्हणणं रास्त होतं. मी तिच्या जागी असते तर मीही त्या वेळच्या शब्दावर विश्वास ठेवला नसता.

शेतावर

मिलिंदची हळद पाहण्यासारखी होती. पॉलिश व्हायची होती अजून, पण हळकुंड मोडलं की कटकन आवाज येत होता आणि आत केशरी रंग होता, कडेपर्यंत. मी मनाशी ठरवलं होतं की आज एकही खोट काढायची नाही. मी ढिगाभोवती फिरले. हळकुंड मोडलं, वास घेतला, ठेवलं. दुसरं मोडलं. गप्प.

मिलिंद अस्वस्थ झाले. टोपी काढून पुन्हा घातली.

"ताई, काही बोलंनात तुमी."

"चांगली आहे."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. "चांगली हाये म्हनतेत. म्हणजे घ्यायची न्हाई वाटतं यांना."

आदल्या संध्याकाळपासून संघमित्रा पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून हसली. "बोला ताई, काढा खोट. त्याबिगर यांना दम पडत न्हाई. दोन दिसांपासून उत्तरं पाठ करून राहिलेत."

मग मी काढल्या. हळकुंडांपेक्षा गड्डे जास्त, माती तशीच, ओल राहिलीय, सांगलीचा माल बघा. मिलिंद एकेका खोटीला उत्तर देत होते आणि त्यांचा चेहरा खुलत होता. आवाज चढले. मी दोनदा उठून निघाले, त्यांनी एकदा ढिगावर ताडपत्री ओढली. शेवटी भाव जमला. मला वाटलं होतं त्याहून मी थोडा जास्त दिला, पण तोही त्यांनी भांडूनच मिळवला, मी दान केलं नाही. दान केलं असतं तर आणखी एक अपमान झाला असता, एवढी अक्कल तोवर आली होती.

सौदा झाल्यावर मी पिशवी उघडली. म्हटलं, आता माझ्या हातची प्या. चुलीवर पाणी ठेवलं, बांधावर वजनकाटा ठेवला, थर्मामीटर पाण्यात सोडला. वाऱ्यानं काट्याचे आकडे स्थिर होईनात, तेव्हा मिलिंदनी टोपी धरून आडोसा केला. कागदाची घडी, पहिली धार, थांबणं, दुसरी धार. सगळं त्या वर्गातल्यासारखं.

संघमित्रानं कप घेतला. हळूहळू प्यायली. पूर्ण प्यायली, तळाशी थेंब ठेवला नाही. मग म्हणाली, "मला न्हाई आवडली, ताई."

माझ्या डोक्यात एकदम वाफ चढली. "काय चुकलं?"

"चुकलं काही न्हाई. तुमी लई जपून केली. मला न्हाई आवडली, बस."

पुढं काही नाही. पाण्याचं नाही, दळणाचं नाही, भांड्याचं नाही. जिला आवडलं नाही तिनं तेवढंच सांगितलं आणि कप रिकामा करून दिला. मला भांडायला त्यात जागाच नव्हती. मी माझा कप तोंडाला लावला. आंबट होती. त्या वर्गात पहिल्या दिवशी लागली तशीच आंबट, आणि तेव्हा माझ्या जिभेनं जे सांगितलं होतं तेच ती आताही सांगत होती.

"मलाही नाही आवडत," मी म्हटलं.

"मग काहून पिता?"

मी तिला त्या पोराचं सांगितलं. ब्लूबेरी, लोकांचं हसणं, मेलेली जीभ, लेकीसमोर. अगदी चवीनं सांगितलं, कारण ही तक्रार मी वर्षभर जपली होती. संघमित्रानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सकाळ-सकाळ तुमी रोज त्या पोराची कॉफी पिऊन राहिल्या," ती म्हणाली.

ती उठून ताडपत्रीची टोकं दगडाखाली दाबायला गेली. ती एवढंच बोलली, पण पुढचं मला माझं मलाच दिसलं. त्या पोरानं मला चारचौघांत जे केलं होतं, ते मी हिच्या घरात, हिच्या सासूसमोर, नव्या कपातली कॉफी पीत केलं होतं. त्याला निदान ती कॉफी खरोखर आवडत असावी. मी तर आवडलेल्या कॉफीलाच वास येतो म्हणाले होते.

संध्याकाळी घरी मायनं धपाटे केले, दह्याबरोबर. मी पोटभर खाल्ले. माठातलं पाणी मागून प्यायले. पण ते आता मुद्दाम दाखवायला केल्यासारखं दिसत होतं, आणि मलाही घास तोंडात घेताना तसंच वाटत होतं.  माय वाढत राहिली, मी नको म्हणेपर्यंत.

निघताना

पुण्याला आल्यावर मी जुनी सुती ओढणी कापून तारेच्या कड्याला शिवली. ती धड बसत नाही, धार वाकडी जाते. संघमित्रा मागवते त्याच ठिकाणाहून बिया मागवल्या. आता सकाळी पहिला घोट घेतल्यावर मी स्वतःला विचारते, आवडली का. खोट आधी सुचते, तिला मागं ढकलावं लागतं. त्या पोराचा राग अजून आहे. तो गेला म्हटलं तर खोटं होईल. पण त्याच्या बियांची उरलेली पिशवी मी गौरीला देऊन टाकली, तिला ती मनापासून आवडते. हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला कधी विचारलं नव्हतं.

पण मला सांगायची आहे ती निघायच्या दिवसाची सकाळ.

बॅग दारात होती. मिलिंद मला स्टँडवर सोडायला तयार होऊन उभे होते. चहाचं आधण चुलीवर होतं. मी संघमित्राला म्हटलं, "मला कॉफी कराल का?"

समोरच्याकडं आधी आपण काही मागायचं नाही, हाही माझा एक जुना नियम आहे. तो मी वर लिहिला नाही, कारण तो मोडेपर्यंत मला तो नियम आहे हेच माहीत नव्हतं.

तिनं मायकडं पाहिलं.  मग तिनं खुर्चीवर चढून पेटीमागून झारी काढली, कडं काढलं. फडकं माझ्यासमोर नळाखाली धुतलं, मग उकळत्या पाण्यातून काढलं. नेहमी करते त्याच्यापेक्षा जास्त वेळ धुतलं. ते बघणं मला सोसेना, पण मी बघितलं. बघायलाच हवं होतं.

दळणाचा आवाज झाला. धार सुटली, पूड फुगली. तोच नवा कप बशीसकट खाली आला. ती ओतायला लागली तेव्हा माय बाजेवरून म्हणाली, "अर्धाच भर वो. बाई अर्धाच पितेत."

संघमित्रा थांबली. तिनं खरंच अर्धाच भरला आणि माझ्या हातात दिला. हसली नाही, आणि माफी मागत असल्यासारखीही दिसली नाही.

मी प्यायले. काकवी होती, शेंगदाण्याचं साल होतं. तळाला बारीक चोथा होता, तोही प्यायले. तिघंही माझ्याकडं बघत होती.

"आवडली," मी म्हटलं. "मला फार आवडली."

पुढं पाण्याबद्दल, भाजणीबद्दल काही जोडावं असं जिभेवर येत होतं. मी तोंड मिटून ठेवलं. संघमित्रानं तिचा कप ओठाला लावला. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासमोर तो लावलाच नव्हता.

मी रिकामा कप पुढं केला. "अजून आहे का?"

माय उठली. तिनं माझ्या हातातून कप घेतला, उजेडाकडं धरून आत पाहिलं, अगदी मी हळकुंड मोडून पाहते तसं. मग मोरीकडं जाता जाता म्हणाली, "फुडल्या खेपेला या. तव्हा पुरा भरून देऊ."